गाड्या नसलेल्या कच्च्या वाटा हव्यात? आधी कालवा धरा

पुण्याहून पर्वरीला येऊन सहा महिने झाले, महामार्गावर ट्रकच्या कडेने सायकल चालवायची आता भीती वाटते, १३ वर्षांच्या मुलीला घेऊन तीसेक किलोमीटर फिरता येईल अशी कच्ची वाट गोव्यात आहे का, आणि त्यासाठी ग्रॅव्हल सायकल (कच्च्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल) घ्यावीच लागेल का, असं तुम्ही विचारलंय. वाट आहे. सायकल मात्र लगेच घेऊ नका.

मी डिचोलीचा. अकरा वर्षं याच भागात सायकल चालवतोय. बाहेरून आलेले बहुतेक जण पहिल्याच रविवारी जंगल गाठतात, चढावर दमतात आणि परत येत नाहीत. तुम्ही सुरुवात तिळारीच्या कालव्यापासून करा. धरण सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात. प्रकल्प महाराष्ट्र आणि गोवा दोघांचा, आणि त्यात मोठा वाटा गोव्याचा. कालवे दोडामार्गातून आपल्या डिचोली, पेडणे, बार्देश तालुक्यांत उतरतात. शेतीला पाणी मिळतंच, शिवाय अस्नोडा आणि चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पांनाही याच कालव्यांतून पाणी जातं. म्हणजे तुमच्या पर्वरीच्या नळाला येणाऱ्या पाण्याचाही याच्याशी संबंध आहे.

कालवाच का? पाणी आपसूक वाहत राहावं म्हणून कालव्याला उतार देतात, पण इतका थोडा की डोळ्यांना कळत नाही. डोंगर आडवा आला की कालवा त्याच्या कुशीतून वळसा घालतो. देखभालीसाठी कडेने केलेली मुरमाची वाटही तशीच वळते. गावाचा रस्ता मात्र सरळ घाटी चढतो आणि पलीकडे उतरतो. नकाशावर रस्ता जवळचा दिसेल, पण त्या चढावर तुमची मुलगी सायकल ढकलत नेईल आणि कालव्याकडेने गप्पा मारत जाईल. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला काजूची भाटं (बागा), मध्येच एखादं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग. सकाळी साडेसहाला निघालात तर दोन तासांत फार तर कालवाखात्याची एखादी जीप, गुरं आणि शेताकडे निघालेली दोन-चार माणसं भेटतील. जिथे कालवा बोगद्यात शिरतो किंवा जलसेतूवरून जातो, तिथे कडेची वाट तुटते. तेवढ्यापुरतं गावात उतरा, विचारा, पुन्हा वर या. जलसेतूच्या कठड्यावरून सायकल नेणारे मी पाहिलेत. तसं कधीही करू नका.

आता पाण्याबद्दल, आणि हे मुलीलाही वाचायला द्या. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात एका वळणावर सैल खड्यांवरून माझं पुढचं चाक घसरलं. मी डोंगराच्या बाजूला पडलो. पिंजऱ्यातली बाटली मात्र उडून कालव्यात गेली. वरून पाणी अगदी संथ दिसत होतं. बाटली उचलू म्हणून मी कडेने चालू लागलो, मग धावू लागलो, तरी ती पुढेच. शंभरेक पावलांवर एका व्हाळाखालून (ओढ्याखालून) कालवा नळीतून जातो. तिथे ती लाल बाटली एकदा स्वतःभोवती फिरली आणि खाली ओढली गेली. पलीकडच्या तोंडाशी मी पंधरा मिनिटं थांबलो. ती वर आली नाही. कालव्याला काँक्रीटचं अस्तर असतं, त्यावर शेवाळ धरतं आणि बाजू उतरत्या असतात. पट्टीचा पोहणाराही तिथून वर चढू शकत नाही, कारण हाताला धरायला काही मिळत नाही आणि पायऱ्या फार लांब लांब असतात. म्हणून मुलीला कायम डोंगराच्या बाजूने ठेवा, शेजारी शेजारी चालवू नका, आणि हातपाय धुवायलासुद्धा कालव्यात उतरू नका.

धरणाच्या बाजूला, दोडामार्गाकडे फार आत जायचं असेल तर आधी गावात चौकशी करा. त्या पट्ट्यात रानटी हत्तींचा वावर आहे. लोक सांगतील, "आज नको", आणि ते ऐकायचं.

सायकलीबद्दल. तुमच्याकडे हायब्रिड आहे, तीच चालेल. फ्रेममध्ये ३८ किंवा ४० मिलिमीटरचा टायर बसतो का तेवढं पाहा. बसत असेल तर नवीन सायकलीचे पैसे वाचले. आपल्याकडची कच्ची वाट म्हणजे जांभ्याचा चुरा. त्याचे गोल लाल खडे कडक हवा भरलेल्या टायरखाली छर्‍यांसारखे गडगडतात. लोक नेमकं उलटं करतात, वाट खराब म्हणून हवा ठासून भरतात. माझं वजन ७२ किलो, टायर ४० मिलिमीटरचे, ट्यूबलेस. मी पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआय हवा ठेवतो. तुमचे ट्यूबवाले असतील तर आठ-दहा जास्त ठेवा, नाहीतर दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटून पंक्चर होईल. भाटांच्या कुंपणाला टाकलेल्या काटेरी फांद्या वाटेवर येतात, त्यामुळे जादा ट्यूब हवीच. आमच्या गावचा पदेर, म्हणजे पाववाला, रोज पहाटे जुन्या जड सायकलीवर पोळ्या आणि उंडे हे पाव घेऊन असल्याच वाटांनी वाडे पालथे घालतो. त्याची वळणावरची चाल बघून मी पुष्कळ शिकलो. वळणात तो ब्रेक दाबत नाही, वळणाआधीच वेग कमी करतो.

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ येतं आणि त्यावर कुठलाही टायर टिकत नाही. ऑक्टोबरात गवत गुडघाभर असतं, खाली घळी दिसत नाहीत आणि फुरसं असलं तर तेही दिसत नाही.

कालव्यावर चार-पाच रविवार झाले की दिवाडीला जा. जुन्या गोव्यातून फेरीबोटीने पलीकडे. बेटाच्या कडेने खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध आहेत. खाऱ्या पाण्यापासून शेत राखण्यासाठी माती आणि चिऱ्यांनी बांधलेले, बाहेरच्या अंगाला खारफुटी. मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, सायकलवरून उतरा आणि थोडा वेळ बघत राहा. भरती चढली की पाण्याच्याच दाबाने तिची लाकडी दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती बाहेर ढकलून उघडतं. कुणी हात लावायला नको. पण पाऊस संपून बांध पक्का सुकेपर्यंत त्यावर चाक घालू नका. ओल्या बांधावर टायरची एक चाकोरी उमटली की पुढचं पाणी तिथूनच वाट काढतं, आणि बांध फुटला तर खारं पाणी शेतात शिरून कुणाची तरी पिकं जातात. दिवाडीहून दुसऱ्या फेरीबोटीने नार्वेला उतरता येतं. तिथल्या सप्तकोटेश्वराचा देव मूळ दिवाडीचा. देऊळ पोर्तुगिजांनी पाडलं, देव नदीपलीकडे आणला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ नव्याने उभारलं. देव ज्या दिशेने गेला त्याच दिशेने आपण सायकल घेऊन नदी ओलांडतो, मला हा टप्पा म्हणूनच फार प्रिय आहे. देवळात पाणी मिळतं, सावली मिळते.

जंगल शेवटी. सत्तरीतल्या काजूच्या वाटा सुंदर आहेत, पण जानेवारी ते मे या काळात तिथे माकडतापाचा धोका असतो. तो गोचिडांतून येतो. पूर्ण बाह्या, लांब मोजे, पाचोळ्यावर बसायचं नाही, घरी आल्यावर अंग नीट तपासून आंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. एप्रिलमध्ये बोंडू (काजूची फळं) गोळा करणाऱ्यांची लगबग असते, भाटात शिरण्याआधी विचारा. मला कुणी नाही म्हटलेलं आठवत नाही. खोतीगाव आणि नेत्रावळीच्या अभयारण्यांत मात्र वनखात्याच्या चौकीवर विचारल्याशिवाय कुठल्याही आडवाटेला वळू नका. दक्षिणेत एकदा जमलं तर रिवणच्या पुढे कुशावतीकाठी उसगाळीमळला जा. जांभ्याच्या सपाट कातळावर बैल, हरणं आणि एक मोठं चक्रव्यूहासारखं चित्र कोरलेलं आहे, लेखनाच्याही आधीच्या माणसांनी. वाटभर चाकाखाली खडखडलेला तोच लाल दगड. तिथे पायातले बूट काढूनच फिरा.

मुलीच्या सायकलीचं तुम्ही शेवटी विचारलंत. २४ इंची चाकं चालतील. निघण्याआधी तिचे ब्रेकचे रबर काढून बघा. जांभ्याची लाल धूळ रिमवर बसली की ते झपाट्याने झिजतात, आणि खोबणी दिसेनाशी झाली असेल तर त्याच दिवशी बदला. तिच्या बोटांना ब्रेकची दांडी लांब पडत असेल तर दांडीजवळचा छोटा स्क्रू आत फिरवा, ती हँडलच्या जवळ येते. मग घराजवळच्या मैदानात मुरमावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून थांबायचा सराव तिच्याकडून करून घ्या, आणि मगच कालव्यावर या.