पहिलं घर, लहान मूल आणि नागपूरचा उन्हाळा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पाडव्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत नव्या फ्लॅटमध्ये राहायला जाणाऱ्यांची गर्दी असते, आणि त्या काळात येणारे प्रश्नही बहुतेक एकाच धर्तीचे असतात : पैसे मोजके आहेत, घरात लहान लेकरू आहे, तर आधी काय घ्यावं? त्यांतले काही प्रश्न इथे घेते आहे.

आम्ही दोघं आणि अकरा महिन्यांची मुलगी. बेसा भागात दोन बेडरूमचा फ्लॅट घेतलाय. कर्जाचा हप्ता सुरू झाला, त्यामुळे हात आखडता आहे. सोफा, डायनिंग टेबल, फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, यांत क्रम कसा लावावा?

या यादीच्याही आधी खिडक्या आणि बाल्कनी बघा. मुलगी दोन-तीन महिन्यांत चालायला लागेल आणि त्यानंतर चढायला. बाल्कनीच्या कठड्याच्या दोन गजांमधलं अंतर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर पहिला खर्च जाळीचा. गज आडवे असतील तर अंतर कमी असूनही जाळी हवीच, कारण आडव्या गजांवर मूल पाय ठेवून वर चढतं. कुंड्यांचा स्टँड, खुर्ची, उलटी बादली, यातलं काहीही कठड्यालगत ठेवू नका.

मग फ्रिज आणि त्यामागून वॉशिंग मशीन. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. इतक्या उन्हाळ्यात बाळाची खिचडी किंवा पेज सकाळी करून दुपारपर्यंत ओट्यावर ठेवता येत नाही. ३२ अंशांच्या वर हवा असेल तर शिजवलेलं अन्न तासाभरात फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. फ्रिजचं आतलं तापमान ४ अंशांच्या आसपास असावं. तिघांना २३० ते २६० लिटरचा फ्रिज पुरतो. त्याहून मोठा घेण्याऐवजी तेच पैसे जास्त स्टारच्या मॉडेलवर घाला, कारण फ्रिज बारा महिने चोवीस तास चालतो.

सोफा आणि डायनिंग टेबल खुशाल पुढच्या दिवाळीवर ढकला. चार-सहा महिने राहिल्यावर कळतं, की जेवायला सगळे कुठे बसतात, दुपारी ऊन कोणत्या भिंतीवर येतं आणि घरातली निवांत जागा कोणती. सध्या एक चांगली कापसाची गादी, दोन सतरंज्या आणि पश्चिमेच्या खिडक्यांना जाड पडदे घ्या. रांगणारं मूल असलेल्या घरात जमिनीवर मोकळी जागा असणं फार सोयीचं. माझा नेम असा, की ज्या वस्तूतून वीज, गॅस किंवा पाणी जातं तिथे पैसा राखू नये. बाकी सगळं थांबू शकतं.

कूलर घ्यावा की एसी? घरचे म्हणतात एसीने बाळाला सर्दी होईल, मित्र म्हणतात कूलरचा जमाना गेला. आमचा फ्लॅट पाच मजली इमारतीत सगळ्यात वर आहे.

नागपूरकरांना कूलरचा जमाना गेला असं सांगणाऱ्यांनी एप्रिल-मेमधली इथली हवा नीट अनुभवलेली दिसत नाही. आपला उन्हाळा कोरडा असतो आणि कूलर कोरड्या हवेतच चालतो. कूलरच्या बाजूंना लावलेल्या ओल्या गवताच्या ताट्यांमधून हवा जाते, पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेला लागणारी उष्णता हवेतून निघून जाते. चांगल्या डेझर्ट कूलरची हवा बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी थंड असते. जूनच्या मध्यात पाऊस आला, की हवेत आधीच दमटपणा असतो, पाणी सुकत नाही आणि तोच कूलर अंगाला चिकचिक आणतो. त्याला यंत्राचा दोष समजू नका.

आता खर्च. कूलरला साधारण दीडशे-दोनशे वॅट लागतात, म्हणजे पाच-सहा तासांत एक युनिट. दीड टनाचा एसी पूर्ण जोरावर असताना तासाला दीड युनिटच्या आसपास घेतो. मात्र तुम्ही वरच्या मजल्यावर आहात. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडतो, त्यामुळे रात्री बारालाही पलंग गरम लागतो. म्हणून हॉलला कूलर आणि ज्या एका खोलीत बाळ झोपतं तिथे इन्व्हर्टर एसी, असं करा. एसी २४ ते २६ वर ठेवा, हवेचा झोत बाळावर येऊ देऊ नका आणि सोबत पंखा हळू चालवा. पाच-सहा तास नुसता गारवा मिळाल्याने बाळाला सर्दी होत नाही. सर्दी विषाणूने होते. सोसायटीने परवानगी दिली तर गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग मारून घ्या. वरच्या मजल्यावर त्याचा फरक जाणवतो.

कूलर लावताना तीन चुका सर्रास होतात. पहिली, कूलर खोलीच्या आत ठेवणं. तो खिडकीबाहेर स्टँडवर हवा, म्हणजे बाहेरची कोरडी हवा आत येईल. सोसायटीचा नियम आधी विचारा, अनेक ठिकाणी दर्शनी बाजूला स्टँड लावू देत नाहीत. दुसरी, दारं-खिडक्या घट्ट लावून घेणं. समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर ओली हवा खोलीतच कोंडते.

तिसरी चूक जिवावर बेतते. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यांत लहान मुलंही असतात. पत्र्याची बॉडी, खाली पाणी, जुनी वायर आणि अर्थिंगचा पत्ता नाही, असं सगळं एका ठिकाणी येतं. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, पिन सॉकेटमधून काढा आणि मगच पाइप लावा. पिन तीन काट्यांचीच हवी आणि त्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. दोन काट्यांची पिन लावून चालवलेला पत्र्याचा कूलर माझ्या मते घरात असूच नये. लहान मूल असेल तर फायबर बॉडीचा घ्या.

आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून ब्रशने घासा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि ती टाकीच्या भिंतीला चिकटून राहतात. नुसतं पाणी बदललं तर अंडी तिथेच राहतात. पावसाळा लागला की टाकी कोरडी करून, ताट्या काढून कूलर झाकून ठेवा.

मी वर्ध्याला राहते. लेक-जावयाने नागपुरात पहिलं घर घेतलंय. माझ्याकडे सासूबाईंची पितळेची भांडी आहेत. ती द्यावी की नवी स्टीलची घेऊन द्यावी?

काकू, दोन्ही द्या, पण पितळेची निवडून. एक गंज (पातेलं), एक परात आणि पाण्याची कळशी दिली तर वापरात राहतील. संपूर्ण संसार दिला तर तो माळ्यावर जाऊन बसेल, आणि भांडी घासण्याची जबाबदारी नोकरी करणाऱ्या लेकीवर पडेल. देण्याआधी गंजाला आतून कल्हई करून घ्या. कल्हई नसलेल्या पितळेत कढी, चिंचेचं सार किंवा टोमॅटोची भाजी कधीच ठेवू नये, आंबटामुळे धातू अन्नात उतरतो. तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवलं तर हरकत नाही, ताक किंवा लिंबूपाणी मात्र नको.

नवं घ्यायचं असेल तर लेकीला सोबत घेऊन इतवारीत जा. भांडे ओळीत एका फेरीत सगळं मिळतं आणि वजनावर भाव करता येतो. तीन लिटरचा आणि पाच लिटरचा असे दोन कुकर, जाड बुडाची एक कढई, लोखंडी तवा, दोन गंज, एक परात, पोळपाट-लाटणं, सांडशी, झारा, डाव, मसाल्याचा डबा. तिघांच्या रोजच्या वरण-भात-भाजी-पोळीला इतकं पुरतं. कुकरवर आयएसआयचा शिक्का बघूनच घ्या, आणि तेव्हाच एक जास्तीची रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह घेऊन ठेवा. रिंग नेमकी पाहुणे आलेल्या दिवशी सैल पडते.

मुलगा दीड वर्षाचा आहे, ओट्याखालचं सगळं ओढतो. सिलेंडरही तिथेच आहे. काय काळजी घ्यावी?

ओट्याखालच्या कपाटाला कडी लावा, पण दाराला खालच्या बाजूला हवा जायला भोकं किंवा जाळी ठेवा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. बंद कपाटात तो बाहेर येत नाही आणि वासही उशिरा कळतो.

सिलेंडर नेहमी उभा हवा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. नळी केशरी रंगाची, आतून तारेची, आयएसआय शिक्क्याची घ्या. तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी ती बदलायचीच. नव्या घरात सुतार ओट्याच्या फळीला भोक पाडून नळी त्यातून काढतात, तिथे फळीच्या धारेवर ती घासते. हात लावून बघा. सिलेंडर आला की डिलिव्हरी करणाऱ्याला वजन करायला सांगा : कड्यावर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्याचं वजन यायला हवं. त्याच कड्याजवळच्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे असतात. डी-२७ म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर २०२७, तोवर त्या टाकीची चाचणी झाली पाहिजे. मुदत उलटलेली टाकी परत करा.

रेग्युलेटर बसवल्यावर जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीही बघू नका. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि कोणतंही बटण चालू-बंद करायचं नाही, एक्झॉस्ट फॅनचंसुद्धा नाही. मुलाला घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून १९०६ वर फोन करा. हा नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आजच टाका.

विजेचंही बघून घ्या. मीटरजवळच्या डब्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का, बिल्डरला विचारा. त्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा, घरातली वीज ताबडतोब गेली पाहिजे. एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की पडणारा स्विच, वायरिंग वाचवतो, शॉकपासून माणसाला आरसीसीबी वाचवतो. अनेक घरांत पहिला असतो आणि दुसरा नसतो.

आरओ घ्यायलाच हवा का?

पाणी कुठून येतं त्यावर ठरवा. महानगरपालिकेचं पाणी पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येतं, शुद्ध होऊन येतं. त्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर आरओची गरज नाही, यूव्ही-यूएफचा साधा फिल्टर पुरे, आणि टाकी वेळच्या वेळी धुतली पाहिजे. बोअरवेल किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत टीडीएस जास्त निघाला, तर आरओ घ्या. त्यातून वाया जाणारं पाणी बादलीत घेऊन फरशी पुसायला वापरा. टीडीएस मीटर शेजाऱ्यांकडून मागून आणलं तरी चालतं.

आमच्याकडे वर्षाचा गहू आणि तुरीची डाळ एकदम भरायची पद्धत आहे. सासरे धान्यात टाकायला गोळ्या देतात. फ्लॅटमध्ये चालतील का?

नाही. आणि या एका उत्तरासाठी हा लेख घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.

त्या गोळ्या सल्फासच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतील, तर हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो. त्यावर उतारा नाही. गोदामात प्रशिक्षित माणसांनी वापरायचं ते औषध आहे, घरासाठी नाही. गावी धान्याची खोली वेगळी असते, अंगण असतं. फ्लॅटमध्ये कोठी झोपायच्या खोलीतच असते, एसीसाठी दारं बंद असतात आणि सगळ्यात आधी झळ लहान मुलाला लागते. धान्यात आधीच गोळ्या टाकल्या असतील तर त्या हाताने वेचायला जाऊ नका. दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि मळमळ, छातीत जडपणा किंवा श्वासाला त्रास वाटला तर थेट दवाखाना गाठा. गोळ्या टाकल्याचं डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

किडीचा बंदोबस्त जुन्या पद्धतीने होतो. गहू कडक उन्हात दोन दिवस वाळवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि मगच कोरड्या, घट्ट झाकणाच्या कोठीत भरा. गरम धान्य भरलं तर आत घाम धरतो आणि सोंडे होतात. मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. तुरीच्या डाळीला एरंडेल तेलाचा हात फिरवा. रवा आणि बेसन फ्रिजमध्ये. आणि छोट्या फ्लॅटमध्ये वर्षाचं भरूच नका. दोन-तीन महिन्यांचं घ्या, इतवारीची किराणा ओळ कुठे पळून जात नाही.

घरात औषधांचा डबा ठेवायचाय. बाळ सात महिन्यांचं आहे.

डिजिटल थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, गॉज, चिकटपट्टी, अँटिसेप्टिक आणि बाळाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं तापाचं औषध. डबा मुलाच्या हाताला येणार नाही अशा उंचीवर, पण गॅसजवळ किंवा उन्हाच्या भिंतीवर नको.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये, असं अंदाजाने करू नका. सगळं एकदम कालवा आणि २४ तासांनी उरलेलं फेका. तुमचं बाळ सात महिन्यांचं आहे, त्याला जेवणासोबत थोडं पाणी चालतं. पण ओळखीत कोणाचं बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर त्यांना सांगा, की भर उन्हाळ्यातसुद्धा त्याला वरचं पाणी द्यायचं नाही, आईचं दूध पुन्हा पुन्हा पाजायचं. बाळाचं अंग भाजतंय, ते सुस्त पडलंय, लघवी कमी होतेय, असं दिसलं तर ओल्या फडक्याने अंग पुसत दवाखान्यात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८.

एक गोष्ट मात्र बाटली हातात घेऊन बघा. पॅरासिटामॉलचे थेंब एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे असतात. त्याच औषधाचं एक सिरप पाच मिलिलिटरला १२० चं असतं आणि दुसरं पाच मिलिलिटरला २५० चं. म्हणजे एक मिलिलिटर थेंबांत पहिल्या सिरपच्या चौपटीहून जास्त औषध असतं. सिरपचा डोस थेंबांच्या बाटलीतून दिला तर काय होईल, याचा हिशेब करा. डॉक्टरांकडून बाळाच्या वजनानुसार डोस मिलिलिटरमध्ये लिहून घ्या, तो कागद त्याच बाटलीला रबर बँडने लावून ठेवा, आणि दुकानदाराने दुसरी कंपनी दिली तर द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा.