पक्षी शीळ घालतो ती कशाने?

प्रश्न : माझी भाची पेरूला जाऊन आली. तिथल्या एका संग्रहालयातला फोटो तिने दाखवला. एकमेकांना जोडलेली दोन काळी भांडी, एकावर पक्षी. पाणी घालून कलंडवलं की पक्षी शीळ घालतो म्हणे. हे खरं का? – एक वाचक, मिरज

उत्तर : अगदी खरं. मी मातीकाम शिकवते आणि या भांड्यांवर माझा फार जीव आहे, म्हणून जरा आत शिरून सांगते.

दोन पोकळ भांडी खाली नळीने जोडलेली असतात. एकाला उघडी तोटी, तिच्यातून पाणी भरायचं. दुसरं वरून बंद, त्यावर पक्षी. पक्ष्याच्या डोक्यात किंवा पाठीमागे मातीची छोटी पोकळ गोळी दडवलेली असते, तिला एक भोक. अर्धवट भरलेलं भांडं कलंडवलं की पाणी पक्ष्याकडे धावतं. तिथली हवा कोंडते, बारीक वाटेने निसटते आणि त्या भोकाच्या कडेवर आपटते. तीच शीळ.

अवघड काम गोळीचं. माती वाळताना आक्रसते, भाजताना आणखी आक्रसते. भोक आणि हवेची वाट यांचा मेळ किंचित बिघडला तरी नुसता फुस्स आवाज येतो. आणि भांडं एकदा बंद झालं की आत बोट जात नाही. हे सगळं चाकाशिवाय! स्पॅनिश लोक येईपर्यंत अँडीज भागात कुंभाराचं चाक नव्हतंच. हाताने किंवा दोन अर्ध्या साच्यांत माती दाबून आकार काढायचे आणि अर्धुकं सांधायची.

काळ्या रंगावरून तुमचं भांडं चिमू लोकांचं वाटतं. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर साधारण इ.स. ९०० ते १४७० त्यांचं राज्य होतं, राजधानी चान चान. भाजताना भट्टीतली हवा तोडून धूर कोंडायचा, की माती काळी होते. आधी घोटून ठेवलेली असेल तर चकाकतेही. त्याच किनाऱ्यावर त्यांच्या आधी होऊन गेलेल्या मोचे लोकांची भांडी पांढुरकी-तांबडी. त्यांतली घुबडं, कोल्हे, समुद्रसिंह, बदकं इतकी हुबेहूब, की प्राणी चटकन ओळखू येतो. शिट्टीची युक्ती मात्र त्याहून जुनी. इक्वाडोरच्या चोरेरा लोकांनी ख्रिस्तपूर्व काळातच अशी भांडी घडवली होती.

अस्सल जुन्या भांड्यात आता कुणी पाणी ओतू नये, हे योग्यच. पण काचेच्या कपाटाशेजारी त्याच घडणीच्या नव्या भांड्याचा आवाज ऐकवायची सोय प्रत्येक संग्रहालयाने करावी, असं मला मनापासून वाटतं. नुसतं पाहून ही वस्तू अर्धीच कळते.