घरी असते, पण कामावर असते

प्रश्न : माझी मुलगी 27 वर्षांची आहे. पुण्यातली नोकरी सोडून तीन वर्षांपासून साताऱ्यात घरूनच ग्राफिक डिझाइनची कामं करते. महिन्याला सरासरी 40,000 मिळतात, पण कधी 60,000, कधी 15,000. एका कंपनीनं 62,000 रुपये चार महिने थकवलेत. एक क्लायंट लंडनचा असल्यामुळे रात्री दोनपर्यंत जागते, सकाळी नऊनंतर उठते. मान दुखते, चिडचिड वाढली आहे. सुट्टी घे म्हटलं तर ‘पैसे बुडतात’ म्हणते. घरीच असल्यामुळे सिलिंडर, आजीची दुपारची औषधं, आईला दवाखान्यात नेणं हे ती बघते, तेवढी मदत होते. दिवसभर दार लावून बसायची म्हणून मी खोलीची आतली कडी काढून टाकली. तिला बँकेच्या परीक्षेला बसवावं का? स्थळं येतात तेव्हा ‘मुलगी काय करते’ याला काय उत्तर द्यावं कळत नाही.
– एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर :

नमस्कार सर,

बँकेचं आधी उरकतो. खुल्या प्रवर्गात क्लार्कसाठी वयाची अट 28 पर्यंत आहे, पीओसाठी (अधिकारीपदासाठी) 30 पर्यंत. तेव्हा वेळ गेलेली नाही. पण तुमच्या सबंध पत्रात तिला स्वतःला काय हवंय याची एक ओळसुद्धा नाही. ती बँकेत जायचं म्हणत असेल तर अभ्यासाचं वेळापत्रक मी आनंदानं करून देईन. तुम्ही म्हणताय म्हणून देणार नाही.

मी अडलो ते कडीपाशी. तुम्ही ते वाक्य इतक्या सहज लिहिलंय की दोनदा वाचलं. तुमचा तास चालू असताना शिपायानं दर दहा मिनिटांनी वर्गात डोकावून ‘सर, दोनच मिनिटं’ म्हटलं असतं तर तुम्ही मुख्याध्यापकांकडे तक्रार केली असती. तुमच्या लेकीला तक्रार करायला कोणी नाही, कारण मुख्याध्यापक तुम्हीच आहात. 27 वर्षांची, स्वतःच्या कमाईवर उभी असलेली मुलगी कामासाठी दार लावते, यात काढून टाकण्यासारखं काय होतं?

आता लंडनचा हिशेब करू. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले हिवाळ्यात दुपारचे अडीच, उन्हाळ्यात दीड. त्यांचं ऑफिस संध्याकाळी पाचला सुटतं तेव्हा आपल्याकडे साडेनऊ किंवा साडेदहा झालेले असतात. रात्री दोन वाजता तिचा क्लायंट जेवूनखाऊन टीव्हीसमोर बसलेला असणार. तिला जागं ठेवतंय ते तुमचं घर. दिवसभर सिलिंडरवाला, कुरिअर, आजीच्या गोळ्या, ‘जरा बाहेर ये, मावशी आल्यात’. सगळे झोपले की अकरानंतर सलग तीन तास मिळतात, आणि त्या तीन तासांत ती दिवसाचं काम करते. मान, झोप, चिडचिड हे सगळं तिथून सुरू होतंय, असं मला तुमच्याच पत्रावरून दिसतं. उद्या बँकेच्या अभ्यासाला बसवलंत तर तोही रात्रीच होईल.

आईचा दवाखाना आणि आजीची औषधं महत्त्वाची आहेत, वाद नाही. पण तुम्ही निवृत्त आहात, सर. दुपारी घरी तुम्हीही असताच ना? सकाळी दहा ते एक आणि दुपारी अडीच ते सहा ती कामावर आहे असं घरात जाहीर करा आणि त्या वेळात बेल वाजली तर तुम्ही उठा. मावशींनाही तुम्हीच सांगा. तिनं सांगितलं तर ती उर्मट ठरते.

‘सुट्टी घेतली की पैसे बुडतात’ हा तिचा समज मात्र चुकीचा आहे, आणि घरून स्वतंत्र काम करणारी निम्मी मुलं त्यातच अडकलेली मला दिसतात. पगारदाराला रविवारचे पैसे मिळतात असं आपण म्हणतो, पण ते त्याच्या पगारात आधीच धरलेले असतात. हिनंही दरात धरायला हवेत. वर्षाचे 365 दिवस, त्यातून शनिवार-रविवार 104 गेले, सणवार 10, रजा 12, आजारपणाचे 7. उरले 232. त्यातलाही बराच वेळ कोटेशन, फोन, फुकटच्या दुरुस्त्या आणि वसुली यांत जातो. बिल लावता येईल असे दिवस 140 धरा. महिना 40,000 म्हणजे वर्षाला 4,80,000 हवे असतील तर दिवसाचा दर साधारण 3,430 रुपये पडतो, आणि त्यात लॅपटॉप, सॉफ्टवेअर, विमा अजून धरलेलंच नाही. ती बहुधा 40,000 भागिले 30 असा हिशेब करत असणार. त्या दरात रविवार परवडतच नाही.

थकलेले 62,000 हेही झोप न येण्याचं कारण असू शकतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारकडची नोंदणी, आधार आणि पॅनवर फुकट होते, ती आजच करा. छोट्या उद्योगांसाठीच्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी अशा नोंदणीकृत छोट्या उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं आणि अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. मेख अशी की काम करून देण्याआधी नोंदणी झालेली असली तरच या कायद्याचा भरवसा धरता येतो. तिची नोंदणी नसेल तर या 62,000 साठी आधी वकिलाची नोटीस पाठवा. पुढच्या कामांना निम्मे पैसे आगाऊ. यावर तिनं अजिबात संकोच करू नये.

मानेचं थोडक्यात. दिवाणावर मांडीत लॅपटॉप घेऊन काम बंद. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल इतका लॅपटॉप उचला, खाली जाडजूड पुस्तकं चालतील, आणि कीबोर्ड-माऊस वेगळा घ्या. डोळ्यांसाठी दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडे 20 सेकंद बघायचं. मानदुखीसोबत हाताला मुंग्या येत असतील तर मात्र हे उपाय पुरणार नाहीत, डॉक्टरांना दाखवा. दिवसातून एकदा तिनं कामाशिवाय घराबाहेर पडावं. अजिंक्यताऱ्याचा चढ सातारकराला काय सांगायचा. फक्त पहाटे सहाला उठवून नेऊ नका, रात्रीची झोप आधी रुळावर येऊ दे.

कंपनीचा आरोग्य विमा नाही, तेव्हा स्वतःचा घ्यायलाच हवा. वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झालाय. चिडचिडीमागे उदासी असेल, कशातच मन लागत नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. नंबर तिला द्या, तिच्या वतीनं तुम्ही बोलू नका.

आणि पाहुण्यांना सांगा, ‘डिझायनर आहे, लंडनचं काम करते.’ खरं तेच आहे. त्यावर नाक मुरडणारं स्थळ गेलं तर बरंच.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. सोबत गेल्या सहा महिन्यांच्या बिलांची यादी पाठवायला सांगा, दर कुठे कमी लावलाय ते बघून कळवतो.