५ − २क्ष > ११ : चिन्ह नेमकं कुठे उलटतं?

वरचं उदाहरण सोडवून तुमचं उत्तर क्ष > −३ आलं आणि पुस्तकात क्ष < −३ आहे. पुस्तक बरोबर आहे. क्ष = ० घालून बघा, शून्य तुमच्या उत्तरात बसतो, पण ५ > ११ होत नाही. −४ घातलं तर ५ + ८ = १३, म्हणजे जमलं.

दोन्ही बाजूंतून ५ वजा केल्यावर −२क्ष > ६ उरतं, इथवर तुमचं ठीक आहे. घोळ −२ ने भागताना झाला. २ हा ५ पेक्षा लहान, पण −२ हा −५ पेक्षा मोठा. ऋण संख्येनं गुणलं किंवा भागलं की संख्यारेषा शून्याभोवती पालटते, डावीकडचं उजवीकडे जातं, म्हणून > चं < होतं. समीकरणात हा प्रश्नच येत नाही, कारण = पालटलं तरी =च राहतं.

उलटवणं विसरायला होत असेल तर ऋण पदच हलवा. दोन्ही बाजूंत २क्ष मिळवा: ५ > ११ + २क्ष, मग −६ > २क्ष, म्हणजे −३ > क्ष. आता हे वाचताना घाईत क्ष > −३ लिहू नका. टोक लहान संख्येकडे असतं, आणि इथे ते क्ष कडे आहे.

याच्या उलट चूकही तितकीच होते. २क्ष > −६ मध्ये ऋण चिन्ह दिसलं की मुलं > फिरवतात. भागायचं आहे +२ ने, त्यामुळे क्ष > −३ च. कशाला भागतोय हे बघायचं नाही, कशानं भागतोय हे बघायचं.

या सगळ्याचं मूळ, माझ्या मते, ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ या पाठांतरात आहे. त्यातूनच −२क्ष = ६ चं क्ष = ६ + २ होतं. २ इथे गुणलेला आहे, वजा केलेला नाही. बाजू बदलते असं म्हणूच नका, दोन्ही बाजूंवर काय केलं ते शेजारी लिहा.

आणि क्ष नेच गुणायची वेळ आली तर थांबा. ६/क्ष > २ ला सरळ क्ष ने गुणलं की क्ष < ३ मिळतं, त्यात −१ पण येतो, आणि ६/(−१) = −६ काही २ पेक्षा मोठा नाही. क्ष धन की ऋण, दोन्ही शक्यता वेगळ्या करा. खरं उत्तर ० < क्ष < ३.

तुमचा दुसरा प्रश्न गाडीभाड्याचा: ३०० रुपये ठरलेले, वर किलोमीटरला १२. हे समचलन नाही, म्हणजे अंतर दुप्पट झालं की भाडंही दुप्पट होईल असं नाही. १० किमीचे ४२०, २० किमीचे ५४०. भाड्याला किलोमीटरने भागलं तर ४२ आणि २७, सारखा नाही. म्हणून त्रैराशिक लावून २० किमीचे ८४० काढले ते चुकलं. १००० रुपयांत किती जाता येईल? ३०० + १२क्ष ≤ १०००, म्हणजे १२क्ष ≤ ७००, क्ष ≤ ५८.३३. पूर्ण किलोमीटर मोजायचे तर ५८, त्याचे ९९६ होतात. ५९ चे १००८.