रिगवर फिरणाऱ्या यंत्रांजवळ काम करताना नेमका धोका कुठे असतो?

आपल्या धाकट्या भावाला मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्रात एका जॅक-अप रिगवर (समुद्रतळावर पाय टेकून उभ्या राहणाऱ्या, तेलविहिरी खोदणाऱ्या रिगवर) रिगमन, म्हणजे रिगवरचा कामगार, म्हणून काम मिळाले आहे, आणि तेथील फिरती यंत्रे कितपत धोकादायक असतात, तसेच टॉप ड्राइव्ह (खोदाईचा पाइप वरच्या टोकाने फिरवणारी मोटर) असलेल्या रिगवर हा धोका उरत नाही हे खरे आहे का, असे आपण विचारले आहे. मी यांत्रिकी विभागात बरीच वर्षे जमिनीवरच्या आणि समुद्रातल्या रिगवर काम केले आहे, त्या आधारावर लिहितो.

रिग फ्लोरवर, म्हणजे विहिरीच्या तोंडावरच्या कामाच्या मंचावर, नव्याने उभ्या राहिलेल्या माणसाला फिरत्या ड्रिल पाइपची (खोदाईच्या नळीची) भीती वाटत नाही, हीच पहिली अडचण. तो पाइप साधारणपणे मिनिटाला शंभर-सव्वाशे फेऱ्या घेतो, आणि घरातला छताचा पंखा याच्या तिप्पट वेगाने फिरत असतो. पण पंख्यात कापड अडकले तर पंखा थांबतो. इथे पाइपमागे शेकडो अश्वशक्तीची मोटर असते आणि मनगट अडकले काय किंवा दोरा अडकला काय, तिला काहीच जाणवत नाही. पाच इंची पाइपचा घेर सुमारे ४० सेंटिमीटर भरतो, म्हणजे शंभर फेऱ्यांच्या वेगाने तो एका सेकंदात ६५ सेंटिमीटरहून अधिक कापड स्वतःभोवती गुंडाळून घेतो. बाहीचे टोक अडकल्यावर तोंडातून हाक बाहेर पडेपर्यंत कोपर पाइपला टेकलेले असते. म्हणून अंगठी, मनगटातला देवाचा दोरा, गळ्यातली साखळी आणि कव्हरऑलच्या (अंगभर घालायच्या कामाच्या पोशाखाच्या) मागच्या खिशातून लोंबणारी हात पुसायची चिंधी, यांतले काहीही अंगावर ठेवून फ्लोरवर जाऊ नये. मेहसाण्याकडच्या रिगवर जानेवारीत रात्रपाळीला चांगलीच थंडी वाजते. तेथे मफलर काढायला लावताना मला जितका वाद घालावा लागला तितका हेल्मेटसाठी कधीच घालावा लागला नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. तीन हजार मीटर लांबीची नळी वरून फिरवली आणि खाली तिला अडथळा झाला, की ती ओल्या कपड्यासारखी पिळली जाते. जोर मोठा असेल तर वरच्या आणि खालच्या टोकांत सहज पाच-सात फेऱ्यांचा फरक पडतो. अशा वेळी ड्रिलरने (खोदाईची यंत्रे चालवणाऱ्याने) पाइप फिरवणारी रोटरी थांबवली तरी तो पीळ नळीत तसाच असतो, आणि ब्रेक एकदम सोडला तर नळी उलट्या दिशेने जोरात फिरते. त्याच क्षणी कोणी स्लिप्स (पाइप फ्लोरवर धरून ठेवणाऱ्या पाचरी) बसवायला वाकलेला असेल किंवा टाँग (पाइपचे सांधे आवळण्याचा मोठा पाना) लावत असेल, तर स्लिप्सची दांडी किंवा टाँगचे टोक त्याच्या छातीवर किंवा गुडघ्यावर आदळते. पीळ हळूहळू सोडून देणे हे ड्रिलरचे काम आहे. रिगमनचे काम एवढेच, की पाइप पूर्ण थांबला आहे हे स्वतः पाहावे, डॉगहाउसकडे (फ्लोरवरच्या ड्रिलरच्या खोलीकडे) नजर टाकून ड्रिलरची खूण मिळवावी आणि मगच पुढे सरकावे.

टॉप ड्राइव्हविषयी जे सांगितले जाते ते अर्धे खरे आहे. जुन्या पद्धतीत ‘केली’ नावाची चौकोनी किंवा षटकोनी नळी आणि तिला पकडून फिरवणारे कोपरेदार बुशिंग फ्लोरच्या मधोमध फिरत असे, आणि पाइप जोडताना साखळी हाताने भोवती फेकली जाई. त्या साखळीने किती जणांची बोटे नेली असतील, कोण जाणे. ड्रॉवर्क्सच्या (रिगच्या मुख्य उचल-यंत्राच्या) कॅटहेडवर, म्हणजे बाजूच्या फिरत्या ड्रमवर, दोराचे वेढे देऊन ओझे उचलणे हाही तसाच प्रकार, कारण वेढ्यावर वेढा चढला की दोर हातातून सुटत नाही आणि माणूस ड्रमकडे ओढला जातो. टॉप ड्राइव्ह, पाइप फिरवणारी यांत्रिक साधने आणि हवेवर चालणारी विंच आल्यावर यातले पुष्कळसे मागे पडले. तरीही पाइप फ्लोरच्या भोकातून फिरतच असतो, आणि टॉप ड्राइव्हमुळे तो फिरता फिरता वर ओढताही येतो. तेव्हा जाडजूड सांधा फिरत फिरत गुडघ्यापासून डोक्यापर्यंत वर सरकतो, आणि त्यावरचा चिखल नळाने धुण्याचा मोह कोणाला ना कोणाला होतोच.

बंद यंत्राबद्दल मात्र मला अधिक सांगायचे आहे. एका रिगवर मड टँकच्या (खोदाईचा चिखल साठवणाऱ्या टाकीच्या) तळाचा गाळ काढायचा होता. परमिट (कामाचा लेखी परवाना) झाले होते, अॅजिटेटरचा (चिखल ढवळणाऱ्या पात्याच्या यंत्राचा) वीज तोडणारा ब्रेकर पाडून त्याला कुलूप आणि टॅग लावला होता, आणि दोन माणसे फावडी घेऊन टाकीच्या तोंडाशी बसली होती. उतरण्यापूर्वी जागेवरचे बटण दाबून पाहायचे असते, म्हणून मी ते दाबले. खाली गाळात पाते सावकाश वळले. मागे कधीतरी दुरुस्तीत एक टाकी वाढली होती, डेकवरचे क्रमांक नव्याने रंगवले गेले होते आणि पॅनेलवरचे जुनेच राहिले होते, त्यामुळे कुलूप शेजारच्या टाकीच्या ब्रेकरला लागले होते. कागदावर सर्व सह्या बिनचूक होत्या. ती दोन माणसे काहीच बोलली नाहीत. एकाने फावडे आडवे ठेवले आणि तो उठून कठड्यापाशी गेला.

समुद्रातील तेलकामाच्या सुरक्षिततेसाठी केंद्राचे २००८ चे नियम आहेत आणि त्यांची देखरेख ओआयएसडीकडे (तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे) आहे. भावाला रिगवर जाण्यापूर्वीचे प्रशिक्षण आणि परमिटची पद्धत शिकवली जाईलच. टाकीत किंवा गार्ड काढलेल्या पंपाजवळ जाताना कुलपाची एक किल्ली आपल्या खिशात असावी, असे त्याने पहिल्या दिवसापासून मागावे. मागितल्यावर कोणी हसेल, पण नाही म्हणणार नाही. शिवाय अनेक रिगवर नवख्याला वेगळ्या रंगाचे हेल्मेट देतात, म्हणजे ड्रिलरला तो लांबूनच ओळखू येतो. पोरे लाजून दुसऱ्याचे जुने हेल्मेट घालून फिरतात. तसे त्याने करू नये.