एका ओळीत उरकलेलं बाथरूम

*(पत्र संक्षिप्त)* आमची कोंबडी चिंगी, चार वर्षांची. तीन महिन्यांपूर्वी कुत्र्याने झडप घातली, मणक्याला मार बसला. दोन्ही पाय गेले. ते परत येणार नाहीत, पण आता दुखत नसावं, असं डॉक्टर म्हणाले. खाते, पिते, पिसं चोचीने नीट करते. हल्ली मात्र भिंतीकडे तोंड करून गप्प बसते. बाकीच्या दोघी टोचतात म्हणून तिला बाथरूममध्ये ठेवलंय, धुवायला सोपं पडतं. घरचे म्हणतात, इंजेक्शन देऊन सोडवा. मी स्वार्थापोटी तिला जगवतेय का?
— चिंगीची आई

चिंगीची आई,

तुम्ही तीन पानं पायांवर लिहिलीत आणि बाथरूम एका ओळीत उरकलंत. मी त्या ओळीवरच अडले. तीन महिने फरशीवर, दिव्याखाली, एकटी! धडधाकट कोंबडीही तिथे भिंतीकडेच तोंड करून बसली असती.

कोंबडीचा दिवस चार जणींत जातो. कोणाला काय सापडलं, कोण कोणावर खेकसलं. ऊन आलं की पंख पसरून पडायचं, कोरडी माती अंगावर उडवून घ्यायची. हे सगळं तुम्ही काढून घेतलंत आणि आता विचारताय, तिला जगण्यात रस उरलाय का. तुमची माया दिसते मला. पण धुवायची सोय तुमची होती, तिची नव्हे.

उद्या सकाळी तिला बाहेर न्या. त्या दोघींच्या शेजारी, मध्ये जाळी. खाली जाड, मऊ गवत, पंखाशी कोरड्या मातीचं घमेलं. ऊन चढलं की तिला उचलून सावलीत ठेवायचं, ती स्वतः सरकणार नाही. बसून बसून छातीच्या हाडाखाली जखम होते, आणि शेपटीखाली घाण राहिली तर माश्या अंडी घालतात, तेव्हा दोन्ही जागा रोज बघायच्या. बाथरूमपेक्षा कष्ट जास्त आहेत, हो.

दोन आठवडे हे करा. कोंबड्या दुखणं लपवतात, म्हणून नुसतं ‘खाते’ यावर विसंबू नका. छातीचं हाड चाचपा. ते धारदार लागायला लागलं, किंवा ऊन, माती, मैत्रिणी समोर असूनही ती पिसं फुलवून डोळे मिटून बसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि शेवटपर्यंत हातात धरा. मग स्वार्थाबिर्थाचं मला विचारू नका.

माझा अंदाज विचाराल, तर पहिल्याच दुपारी ती जाळीपलीकडच्या दोघींवर ओरडेल.