वाचकांचे प्रश्न : विमानांच्या शर्यती बघायला दोन दिवस

‘नॅशनल चॅम्पियनशिप एअर रेसेस’ १९६४ पासून नेव्हाडातल्या रीनो इथे भरत. २०२३ नंतर त्यांनी तिथला मुक्काम हलवला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्या न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलला भरल्या. अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिकडे जाणाऱ्या वाचकांच्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. तारखा मात्र आयोजकांनी जाहीर केल्यावरच पक्क्या धराव्यात. मागच्या वर्षीच्या अंदाजाने तिकिटं काढू नयेत.

प्रश्न : आम्हाला शनिवार-रविवारच मिळतात. दोन्ही दिवस जावं का? एकच दिवस जमला तर कुठला?

एकच दिवस असेल तर शनिवार. फायनल रविवारी असते, त्यामुळे बहुतेक जण रविवार धरतात. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने शनिवारच घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे.

आठवड्याच्या सुरुवातीला प्रत्येक विमान एकेकटं घड्याळ लावून उडतं. विमानांच्या प्रकारानुसार गट असतात आणि त्या वेळेवरून प्रत्येक गटात गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशा तुकड्या पडतात. मग हीट, म्हणजे फायनलआधीच्या शर्यती, सुरू होतात आणि एका हीटचा निकाल पुढच्या शर्यतीतली सुरुवातीची जागा ठरवतो. शनिवारपर्यंत बहुतेक विमानं धडधाकट असतात आणि सगळे गट उडतात. रविवारी गोल्डमधल्या दोन-तीन विमानांची इंजिनं आधीच बसलेली असू शकतात. शिवाय रविवारी दुपारी वारा सुटला आणि शर्यत रद्द झाली, तर ती भरून काढायला पुढचा दिवस नसतो.

रविवारची बाजूही सांगायला हवी. हीटमध्ये पुढचे पायलट इंजिन राखून उडतात. थ्रॉटल शेवटपर्यंत रेटलेला बघायचा तर फायनलच बघावी लागते. दोन्ही दिवस जाणार असाल तर रविवारी रात्रीचाही मुक्काम ठेवा. सगळ्यात वेगवान गटाची फायनल बहुधा शेवटी ठेवतात. दिवसभर उन्हात बसून अंधारात तीनशे किलोमीटर गाडी चालवणं हा या सहलीतला सगळ्यात धोक्याचा भाग ठरू शकतो.

प्रश्न : रॉझवेलला पोचायचं कसं? हॉटेल मिळत नाहीये.

अल्बुकर्कीहून गाडीने साधारण ३२० किलोमीटर. आय-४० ने पूर्वेला क्लाइन्स कॉर्नर्सपर्यंत जायचं आणि तिथून यूएस-२८५ ने दक्षिणेला वळायचं. व्हॉन हे गाव सोडल्यावर रॉझवेलपर्यंत दीडशे किलोमीटर जवळपास काहीच नाही, म्हणून टाकी व्हॉनलाच भरून घ्या. टेक्सासच्या लबकहून अंतर २८० किलोमीटरच्या आसपास आहे. त्या बाजूने येताना न्यू मेक्सिकोत शिरलं की घड्याळ एक तास मागे येतं. जाताना हा तास फायद्याचा, परतताना मात्र तो हातचा जातो.

गाव लहान आहे, खोल्या लवकर संपतात. दक्षिणेला आर्टेशिया ६५ किलोमीटरवर आहे, ते आधी बघा. पश्चिमेला डोंगरातलं रुईडोसो थंड आणि सुरेख आहे, पण १२० किलोमीटर लांब. सकाळची पहिली शर्यत गाठायची असेल तर तिथून पहाटेच निघावं लागेल.

प्रश्न : सकाळच्या छोट्या विमानांच्या शर्यती वगळून दुपारी गेलं तर चालेल का?

कृपया वगळू नका. फॉर्म्युला वन (एका माणसाची चिमुकली शर्यती विमानं) आणि बायप्लेन (वर-खाली दोन पंखांची विमानं) हे हलके गट सकाळी लवकर ठेवतात, त्याला कारण आहे. रॉझवेलचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,६७१ फुटांवर आहे. पारा ३२ अंशांवर गेला की तिथली हवा सुमारे ६,६०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. फॉर्म्युला वनला कॉन्टिनेंटलचं ओ-२०० इंजिन लागतं, मूळचं शंभर अश्वशक्तीचं, टर्बो नसलेलं. अशा हवेत त्याची ताकद पाचव्या हिश्शाने घटते आणि धाव लांबते. त्यात दुपारी आडवा वारा आला की एवढंसं विमान सांभाळणं अवघड जातं.

शिवाय हे दोन गट जमिनीवरून, रांगेत उभे राहून सुटतात. झेंडा पडला की सगळे एकदम धावपट्टीवर पळू लागतात. बाकीचे गट हवेत सुटतात, त्यांची सुरुवात दूरवर होते. सुटण्याचा क्षण जवळून बघायचा तर तो सकाळीच मिळतो.

प्रश्न : व्हिडिओत बघितलं तर कोण पुढे, कोण मागे काही कळत नाही. प्रत्यक्षात कळतं का?

कळतं, पण कुठे बघायचं ते ठरवून ठेवावं लागतं. जमिनीवर उंच खांब रोवलेले असतात, त्यांना पायलॉन म्हणतात. विमानांनी त्यांच्या बाहेरून, डाव्या वळणाने फेऱ्या मारायच्या. खांबाच्या आतून गेलं तर वेळेचा दंड बसतो. प्रेक्षकांच्या बाजूची हद्दरेषा ओलांडली तर थेट बाद. म्हणून समोरून पहिलं गेलेलं विमान निकालात पहिलं असेलच असं नाही. निवेदकाने निकाल जाहीर करेपर्यंत थांबा.

मोठ्या गटांना सुटताना एक पेस विमान एका ओळीत धरून आणतं. ओळ नीट जुळली की ते झपकन वर निघून जातं आणि शर्यत सुरू होते. दुर्बीण तेव्हा पेस विमानावर नको, ओळीवर ठेवा. पहिल्या खांबापर्यंत कोण खांबाजवळच्या बाजूला सरकलं, यावर पुढच्या दोन फेऱ्या ठरतात.

नंतर एकच गोष्ट बघा : वळणात कोण खांबाला किती लगटून आहे. समजा, एक पायलट संपूर्ण फेरीत दुसऱ्यापेक्षा ३० मीटर बाहेरून उडतोय. वर्तुळाच्या हिशेबाने त्याला दर फेरीला सुमारे १८८ मीटर जादा कापावे लागतात. ताशी ४०० मैल म्हणजे सेकंदाला साधारण १८० मीटर, तेव्हा फेरीमागे एक सेकंद गेला. सहा फेऱ्यांत सहा सेकंद, म्हणजे एक किलोमीटरहून जास्त. इंजिन ताकदवान असूनही मागे पडणारं विमान दिसलं, की बहुतेक वेळा कारण हेच असतं.

मग प्रत्येकजण चिकटूनच का उडत नाही? त्याच वेगाने एक किलोमीटर त्रिज्येचं वळण घेताना शरीरावर साडेतीन जीच्या आसपास, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेतीनपट, भार येतो आणि वळण आवळलं की तो वाढतो. पुढच्या विमानाच्या मागे हवा घुसळलेली असते, त्यात शिरलं की विमान डचमळतं. आणि मागून येणाऱ्याने पुढच्याला सतत नजरेत ठेवायचं असतं, ओलांडण्याची जबाबदारी त्याची. हे सगळं जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवर.

सुरुवातीला सगळे गट समजून घ्यायच्या मागे लागू नका. टी-६, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या प्रशिक्षण विमानांचा गट, निवडा. सगळी विमानं एकाच जातीची, ६०० अश्वशक्तीच्या एकाच प्रॅट अँड व्हिटनी इंजिनाची, त्यामुळे फरक पडतो तो उडवणाऱ्याचा. वेग ताशी २३० मैलांच्या घरात, म्हणजे डोळ्यांना झेपणारा. रंग आणि शर्यतीचा क्रमांक आधी कागदावर लिहून घ्या, कारण दुरून आकार एकसारखेच दिसतात.

प्रश्न : पिटमध्ये जाण्यासाठी वेगळा वेळ काढावा का? तिथे नेमकं काय बघायचं?

अर्धा शनिवार काढा. पिट म्हणजे शर्यतींच्या मधल्या वेळात विमानं उभी करून दुरुस्त करतात ती जागा. तिकीट घेतानाच पिटचा प्रवेश त्यात धरलाय की वेगळा, ते बघून घ्या.

हीट संपून विमान परत आलं की तासाभरात तिथे पोचा. इंजिनावरची झाकणं उघडलेली असतात. अनलिमिटेड या मोठ्या, जुन्या लढाऊ विमानांच्या गटातलं मर्लिन इंजिनाचं मस्टँग उतरलं असेल तर आधी त्याच्याकडे जा. बारा सिलिंडर, प्रत्येकी दोन प्लग, म्हणजे चोवीस प्लग काढून क्रमाने मांडलेले दिसतील. मेकॅनिक एकेक प्लग भिंगाखाली धरतो. टोकावर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक चमकदार ठिपके दिसले, तर त्या सिलिंडरमध्ये इंधनाचा ठिणगीआधीच किंवा भलत्या वेळी भडका उडून पिस्टन झिजू लागलाय. मग फायनलला इंजिनात हवेचा किती दाब द्यायचा, हा निर्णय त्या ठिपक्यांवरून होतो.

हा भडका आवरण्यासाठी पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात सोडतात. मूळ मर्लिनला उड्डाणाच्या वेळी ६१ इंच पाऱ्याइतका हवेचा दाब चाले, शर्यतीची इंजिनं शंभरच्या पुढे जातात. काही विमानं रेडिएटरवरही पाणी फवारतात, उडताना मागे पांढरी वाफ दिसते ती त्याचीच. ती वाफ मध्येच थांबली तर पाणी संपलं असावं. आता पायलट थ्रॉटल मागे घेतो का, ते बघा.

पिटमध्ये विचारलं तर लोक आनंदाने सांगतात, फक्त कुणी शिडीवर असताना विचारू नका. आणि प्रोपेलरला हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका. मॅग्नेटोची (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राची) वायर सुटलेली असेल तर नुसतं पातं हलवल्यावरही इंजिन पेटू शकतं.

प्रश्न : माझे फोटो असे येतात की विमान हवेत टांगून ठेवलंय. शटर १/२००० ठेवतो.

तेच कारण. १/२००० ला पंखा गोठतो. टी-६ चा प्रोपेलर मिनिटाला सुमारे २,२५० फेरे घेतो, सेकंदाला साडेसदतीस. १/१२५ ला तो शंभर अंशांहून थोडा जास्त फिरतो आणि छान चकती दिसते. मर्लिनमध्ये मध्ये गिअर असल्याने प्रोपेलर इंजिनाच्या निम्म्याहून कमी वेगाने फिरतो, तिथे १/१०० च्या खाली उतरावं लागतं. फॉर्म्युला वनचा पंखा थेट इंजिनावर असतो आणि भरभर फिरतो, तिथे १/२५० पुरतं. जेटला पंखा नाही, त्यांना १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवा.

इतक्या मंद शटरला ३०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स घेऊन सुरुवातीला दहातला एखादाच फोटो स्पष्ट येईल. पाय रोवून कमरेतून फिरा आणि बटण दाबल्यावरही फिरणं थांबवू नका. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर ठेवा. आवाजावरून लेन्स वळवू नका : विमान ६०० मीटरवर असेल तर आवाज पावणेदोन सेकंद उशिरा येतो, तोवर ते तीनशे मीटर पुढे गेलेलं असतं.

अकरानंतर लांबच्या खांबाजवळचे फोटो लिबलिबीत येतील. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, त्यावर महागडी लेन्सही उपाय नाही. लांबचे फोटो सकाळी उरका आणि दुपारी फक्त जवळून जाणारी विमानं टिपा.

प्रश्न : सोबत सहा वर्षांची मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे सासरे आहेत. आवाज आणि ऊन झेपेल?

आवाजाची तयारी घरूनच करा. टी-६ च्या पात्यांची टोकं जवळजवळ ध्वनीच्या वेगाने फिरतात, तो करवतीसारखा आवाज कानात घुसतो. मुलीला कानांवर बसणारे मफ द्या आणि आधी घरी घालून बघा, कारण नवे मफ मुलं दहा मिनिटांत काढून टाकतात. सासऱ्यांना फोमचे बोळे चालतील. बोळा चिमटीत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सारून अर्धा मिनिट बोट तसंच धरायचं. नुसता कानाच्या तोंडाशी ठेवलेला बोळा काही कामाचा नाही. श्रवणयंत्र असेल तर ते बंद करून डबीत ठेवा आणि वरून मफ घाला.

हवा कोरडी असल्याने घाम लगेच सुकतो आणि तहान उशिरा कळते. मोठ्या माणसामागे तीन लिटर पाणी धरा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारा. सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा, कानांच्या पाळ्यांना आणि मानेलाही. उघड्या धातूच्या बाकावर जाड आसन लागतंच. सासऱ्यांसाठी सावलीतली राखीव जागा असेल तर तीच घ्या.

प्रश्न : २०११ च्या अपघाताबद्दल वाचून घरचे नको म्हणतायत. खरंच सुरक्षित आहे का?

पूर्ण सुरक्षित नाही, आणि घरच्यांची काळजी रास्त आहे. १६ सप्टेंबर २०११ ला रीनोत ‘गॅलपिंग घोस्ट’ हे बदल केलेलं मस्टँग प्रेक्षकांजवळ कोसळलं. पायलटसह ११ जण गेले, साठाहून जास्त जखमी झाले. तपासात निघालं ते असं : शेपटीच्या ट्रिम टॅबचे (विमानाचा तोल साधणाऱ्या छोट्या हलत्या पट्टीचे) जुनेच लॉकनट पुन्हा वापरले होते, त्यांची पकड गेलेली होती. स्क्रू सैल झाले, टॅब थरथरू लागला, विमान एकाएकी वर उसळलं. पायलटवर १७ जीहून जास्त भार आला, त्यात कुणीही शुद्धीवर राहू शकत नाही. त्यानंतर बदल केलेल्या विमानांची अभियांत्रिकी तपासणी, पायलटना जी-भाराचं प्रशिक्षण आणि मार्गाची आखणी यांवर तपास यंत्रणेने नेमक्या शिफारशी केल्या. २०२३ मध्ये शर्यत संपल्यावर उतरताना दोन टी-६ एकमेकांवर आदळली आणि दोन्ही पायलट गेले.

जागा निवडताना एवढं करता येईल : मार्गाचा नकाशा बघा. वळणात ताबा सुटलेलं विमान वळणाच्या स्पर्शरेषेने बाहेर फेकलं जातं. शेवटच्या वळणाची ती रेषा ज्या टोकाकडे येते तिथली जागा सोडून, सरळ पट्ट्याच्या समोरची घ्या. बसल्याबरोबर बाहेर पडायच्या वाटा पाहून ठेवा. तरीही मन धजत नसेल तर सकाळचे हलके गट आणि पिट बघून दुपारी निघा. तेवढ्यानेही सहल वाया जात नाही.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये असतो. इथे असं काही आहे?

आहे, पण वेगळ्या चालीचं. ‘किंग्ज कप’ ही शर्यत १९२२ पासूनची. तिथे प्रत्येक विमानाचा वेग आधी मोजून हँडिकॅप देतात. सगळ्यात संथ विमान आधी सुटतं, सगळ्यात वेगवान शेवटी, आणि हिशेब अचूक असेल तर सगळी एकाच वेळी शेवटच्या रेषेवर यायला हवीत. त्यामुळे पहिला अर्धा वेळ फारसं काही घडताना दिसत नाही. खरी शर्यत शेवटच्या फेरीत आहे, तेव्हा चहाला उठायचं असेल तर आधी उठा.